पाणी उकळलं, भाकरीचं काय?

ज्वारीची भाकरी चुलीवर होते ती दोन आगींवर. आधी तव्याखाली जाळ लागतो, फार मोठा नको, पण सगळीकडे सारखा. पाणी फिरवून उलटलेली भाकरी खालून शेकली की तव्यावरून उतरते आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे तिरकी उभी राहते. फुगते ती तिथे. तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते, वैलावर आमटी रटरटत असते, आणि सगळं उरकल्यावर राहिलेल्या धगीवर दुधाचं पातेलं चढतं. एवढ्या सगळ्याला सरपण किती लागलं असं विचारलं तर घरातली बाई काटक्यांच्या मुठीत उत्तर देईल. तेच उत्तर टक्क्यांत हवं असेल तर प्रयोगशाळा गाठावी लागते. प्रयोगशाळेत पहिलं काम असं होतं की भाकरी बाजूला राहते आणि पातेल्यात पाणी ओतलं जातं.

पाण्याची निवड काही वेडेपणाची नव्हती. भाकरी सोलापूरची वेगळी, कोकणातली वेगळी. थापणारा हात बदलला की शेकायला लागणारा वेळही बदलतो. पाणी मात्र सगळीकडे तेच. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते हा आकडा जगात कुठेही सारखाच येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये गोरगरिबांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघर चालवणाऱ्या काउंट रम्फर्डनेही ठरावीक पाणी उकळायला किती लाकूड जळतं ते तोलून पाहिलं होतं. उघड्या शेगडीत जळणाची बहुतेक उष्णता धुराड्यातून वाया जाते, हे त्याने आकडे मांडून दाखवलं. चुलीच्या परीक्षेची वंशावळ तिथवर मागे नेता येते.

हिशेब साधा आहे. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण १,५७० किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ढोबळमानाने १६,००० किलोज्यूल असतात. चुलीने त्यातली १५ टक्के उष्णता पाण्यात घातली, तर साडेसहाशे ग्रॅम लाकूड लागेल. ३० टक्के घातली, तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. पाण्याला मिळालेल्या उष्णतेला जळणातल्या उष्णतेने भागायचं आणि शंभराने गुणायचं, की चुलीची कार्यक्षमता हाती येते. या एका आकड्यावर पुढे अनुदानं मंजूर झाली, चुलींना शिक्के मिळाले आणि कोट्यवधींच्या योजना आखल्या गेल्या.

भारतात सुधारित चुलीची गोष्ट सुरू झाली तेव्हा मात्र हा आकडा मध्यभागी नव्हता. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. मगनलाल गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणी, कागद, गूळ, जातं अशा एकेका गोष्टीत सुधारणा करत होते. तिथल्या परंपरेतूनच ‘मगन चूल’ आली. मातीची, एकाहून जास्त भांडी बसतील अशी, आणि धूर घराबाहेर नेणाऱ्या धुराड्याची. पुढे हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर काम केलं आणि १९५३ साली कोट्यवधींसाठी धूरमुक्त स्वयंपाकघर या विषयावर पुस्तिकाच काढली. या मंडळींच्या डोळ्यांपुढे होता तो बाईच्या डोळ्यांतला धूर, काळ्या पडलेल्या भिंती आणि खोकला. मराठीत या चुलीला ‘निर्धूर चूल’ हे नाव पडलं, ‘काटकसरी चूल’ असं कुणी म्हटलं नाही, यातच त्या काळाचा अग्रक्रम दिसतो.

अग्रक्रम बदलला तो तेलामुळे. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि जगाचं लक्ष ऊर्जेकडे वळलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्डवॉच संस्थेसाठी एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईवर ‘दुसरं ऊर्जासंकट’ या अर्थाच्या नावाचा निबंध लिहिला. गरिबांच्या चुली जंगलं खात आहेत, ही कल्पना तिथून वेगाने पसरली. पुढच्या अभ्यासांनी ती बरीचशी खोडून काढली. जंगलं मुख्यतः शेतीसाठी आणि लाकूडव्यापारासाठी तुटत होती, आणि खेड्यातली चूल बऱ्याच अंशी तुराट्या, पऱ्हाट्या, बांधावरची बाभूळ आणि गोवऱ्या यांवर चालत होती. पण तोवर चुलीला नवं काम लागलं होतं. तिने जळण वाचवायचं होतं.

मग दाव्यांचा पाऊस पडला. सर्वांत गाजली ती ग्वाटेमालातली ‘लोरेना’. १९७६च्या भूकंपानंतर तिथे काम करणाऱ्यांनी चिखल आणि वाळू यांच्या मिश्रणाची जाडजूड चूल उभी केली. लोदो म्हणजे चिखल, अरेना म्हणजे वाळू, म्हणून लोरेना. दिसायला देखणी, स्वस्त, घरच्या घरी बांधता येणारी. जळण निम्म्यावर येतं असं सांगत ती खंडोखंडी गेली. काही वर्षांनी कुणीतरी काळजीपूर्वक तोलूनमापून पाहिलं, तेव्हा तीन दगडांच्या चुलीइतकंच, कधी तर तिच्याहून जास्त लाकूड लोरेनाला लागत असल्याचं दिसलं. कारण शाळकरी होतं. जाड मातीची भिंत उष्णता अडवत नाही, पिते. भात शिजायच्या आधी ती दोन क्विंटल चिखल तापवत बसते.

दुसरी फजिती तीन दगडांच्या चुलीबाबत झाली. तिची कार्यक्षमता ५ ते १० टक्के असं सगळे एकमेकांचं वाचून लिहीत होते. प्रत्यक्ष मोजल्यावर, वारा नसताना आणि जाळ नीट सांभाळला असताना, ती सहज १५ टक्क्यांच्या पुढे जाई. यातला फरक किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहावा. जुनी चूल ८ टक्के आणि नवी २४ टक्के असेल तर दोन-तृतीयांश जळण वाचतं. जुनी मुळातच १६ टक्क्यांची असेल तर वाचतं फक्त एक-तृतीयांश. नवी चूल तीच, तिच्या गुणांत काडीचा फरक नाही. जुनीला किती नावं ठेवली यावर नवीचं यश ठरत होतं. जाळ कमीजास्त करणारी, काटकी नेमकी केव्हा ओढायची हे जाणणारी बाई ही त्या तीन दगडांच्या चुलीचाच एक भाग होती, आणि कुणी तिला मोजलं नव्हतं.

हा गोंधळ थांबवण्यासाठी १९८२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इथे चूल-संशोधक जमले. ‘विटा’ नावाच्या स्वयंसेवी तंत्रज्ञांच्या संस्थेने ही बैठक बोलावली होती. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठात के. कृष्ण प्रसाद यांचा गट तेव्हा लाकडाच्या आगीचं भौतिकशास्त्र मांडत होता. ज्वाला, निखारे आणि भांडं यांच्यातल्या उष्णतेची देवघेव समीकरणांत बसवण्याचं मोठं काम त्या गटाने केलं. आर्लिंग्टनच्या बैठकीतून तीन चाचण्या ठरल्या. पहिली पाणी उकळण्याची. दुसरी ठरावीक पदार्थ शिजवून पाहण्याची. तिसरी खऱ्या घरात, खऱ्या माणसांच्या स्वयंपाकात किती सरपण जातं ते रोज तोलण्याची. प्रयोगशाळेपासून चुलीपर्यंत जाणाऱ्या या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या चाचणीला काही तास पुरतात, दुसरीला स्वयंपाकीण लागते, तिसरीला रोज कुणाच्या तरी घरी जावं लागतं. पुढची तीस वर्षं बहुतेकांनी पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकला, यात नवल ते काय.

त्या पहिल्या पायरीतही दोन खोचा होत्या. पहिली वाफेची. चाचणीत पाणी उकळल्यावर ते पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं असतं, आणि त्या काळात उडालेल्या वाफेतली उष्णताही चुलीच्या खात्यात जमा होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे पाच लिटर पाणी उकळीला आणण्यापेक्षा एक लिटर पाणी उडवून लावणाऱ्या चुलीला जास्त गुण! आच कमी न होणारी, भडाभडा जळणारी चूल या हिशेबात हुशार ठरते. स्वयंपाकघरात तीच चूल भात करपवते. उकडीचे मोदक असतील तर गोष्ट वेगळी. एरवी वाफ कुणी जेवत नाही.

दुसरी खोच निखाऱ्यांची. चाचणी संपली की उरलेला कोळसा तोलतात, आणि त्यातली ऊर्जा न जळलेलं इंधन म्हणून वजा करतात. कोळसा जास्त उरवणारी चूल त्यामुळे कमी लाकूड खाल्ल्यासारखी दिसते. तो कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीत गेला तर हिशेब खरा. पाणी मारून उकिरड्यावर गेला तर खोटा. आणि भाकरी फुगवायला, वांगं भाजायला, दूध तापवायला वापरला तर? त्यासाठी कोष्टकात रकानाच नव्हता. हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. २०१८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात कोळशाची सूट धरून एक आणि न धरता एक, असे दोन्ही आकडे द्यायची व्यवस्था झाली.

भारतीय पद्धतीने वाफेची खोच फार साध्या युक्तीने टाळली होती. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकात पाणी उकळूच देत नाहीत. ठरावीक जाडीचे लाकडाचे तुकडे भट्टीत वाळवून, तोलून, सारख्या हप्त्यांत चुलीला घालतात. पेटायला थोडं रॉकेल. पाणी ८० अंशांवर गेलं की ढवळायला लागायचं, ९५ अंशांना पातेलं उतरवायचं आणि थंड पाण्याचं दुसरं चढवायचं. जळण संपेपर्यंत ही अदलाबदल चालते. वाफ फारशी होतच नाही, त्यामुळे तिचा वादही नाही. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे हे बेताचं जमतं. लेहला ते ८८च्या आसपासच उकळतं; तिथे ९५ची वाट पाहणाऱ्याला रात्र काढावी लागेल.

ही काटेकोर परीक्षा आपल्याकडे आली ती सरकारी योजनेच्या निमित्ताने. १९८३ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली केंद्राने तो राज्यांवर सोपवून हात काढून घेतला. मधल्या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद आहे. मंजुरीसाठी अट होती ती कार्यक्षमतेची: मातीच्या बसवलेल्या चुलीला किमान २० टक्के, उचलता येणाऱ्या धातूच्या चुलीला २५ टक्के. प्रयोगशाळेत त्या पास होत. गावात गवंड्याने अंदाजाने बांधल्यावर अग्निकुंडाची उंची दोन बोटं वाढली, धुराड्याचा पाइप एक फूट कमी पडला, वैलाचं भोक घरातल्या पातेल्याला मोठं झालं, की तो आकडा कागदावरच राही. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत अनुदानाची निर्धूर चूल दोन पावसाळ्यांनंतर मांडणी म्हणून वापरात आली.

धूर मोजायला मात्र योजनेआधी फारसं कुणी फिरकलं नव्हतं. ते काम १९८१ साली गुजरातच्या चार खेड्यांत झालं. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली. हवेतल्या कणांची सरासरी दर घनमीटरला ७ मिलिग्रॅमच्या घरात निघाली. कारखान्याच्या आवारात कुणी असा आकडा मोजला असता तर टाळं लागलं असतं. १९८३ साली तो निबंध प्रसिद्ध झाला आणि चुलीच्या परीक्षेत नवा विषय आला.

विषय नवा होता तसा अडचणीचाही. स्मिथ यांच्याच गटाने पुढे भारतातल्या २८ चूल-इंधन जोड्या मोजून २००० साली निष्कर्ष मांडले, तेव्हा कळलं की काही सुधारित चुली जळण वाचवतात खऱ्या, पण जुन्या चुलीपेक्षा जास्त अर्धवट जळलेले वायू सोडतात. भांडं ज्वालेच्या जवळ आणलं की उष्णता चांगली मिळते, पण थंड भांड्याला टेकलेली ज्वाला अर्ध्यात विझते आणि उरतो तो धूर. कार्यक्षमतेचा एकच आकडा या दोन गोष्टी एकत्र दडवून ठेवत होता. सरपण कमी झालं म्हणजे धूरही कमी झाला, हे साधं वाटणारं गणित मोजल्यावर कोसळलं.

पुण्यातल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचं, म्हणजे ‘आरती’चं काम या टप्प्यावर पाहावं. १९९६ साली स्थापन झालेली ही संस्था महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांची. प्रियदर्शिनी कर्वे यांनी तिथे चूल आणि जळण या विषयात वर्षानुवर्षं काम केलं. गवंड्याच्या अंदाजावरचा उतारा म्हणून त्यांनी साचे आणले. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा चुली साच्यातून पाडायच्या, म्हणजे दोन बोटांची चूक होणार नाही. अनुदान बंद पडल्यावर गावागावांतल्या कारागिरांना आणि बायकांना शिकवून चूल हा विकाऊ माल करण्याचा प्रयत्न झाला. २००० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या घरांतच चूल बसवण्याआधी आणि नंतर कण व कार्बन मोनॉक्साइड मोजले गेले. सरासरी घट दिसली. हवा मात्र आरोग्याच्या मर्यादेच्या कितीतरी वरच राहिली. हे निष्कर्ष २००७ साली छापले गेले. स्वतःच्या चुलीचा असा निकाल उघड होऊ देणं सोपं नसतं.

त्याच शहराशी निगडित दुसरी गोष्ट ‘ऊर्जा’ चुलीची. बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर २००६ साली ती बाजारात आणली. नंतर तो धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. छोटा पंखा, शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्या, जवळजवळ निळी ज्योत. प्रयोगशाळेत असली चूल उठून दिसते. सुमारे चार लाख विकल्या गेल्या. मग काडीकचऱ्यालाच भाव आला, गोळ्या महागल्या, आणि चुली माळ्यावर गेल्या. इंधनाच्या भावाची परीक्षा कुठल्याच प्रयोगशाळेत होत नव्हती.

ओडिशातला निकाल तर सगळ्यांना चटका लावून गेला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या मातीच्या चुली मिळालेली आणि न मिळालेली घरं चार वर्षं पाहिली. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला. नंतर तोही फरक मिटला, आणि जळणात बचत दिसलीच नाही. धुराडी साफ झाली नाहीत, तडे लिंपले गेले नाहीत, जुनी चूल शेजारी पेटतच राहिली. होंडुरासमध्ये मोजणाऱ्यांना स्वयंपाकघरातल्या चुलीतून प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या साधारण तिप्पट कण निघताना आढळले होते. ओलं लाकूड, वळलेल्या फांद्या, रडणारं पोर सांभाळत मधेच सरकवलेली काटकी. प्रयोगशाळेत यातलं काहीच नसतं.

यानंतर नियम भराभर बदलले. २०१२ साली हेग इथे झालेल्या करारात एका आकड्याऐवजी कार्यक्षमता, उत्सर्जन, घरातली हवा आणि सुरक्षितता अशा चार बाजूंना शून्य ते चार अशा पायऱ्या दिल्या गेल्या. २०१३ साली भारतीय मानक सुधारलं: साध्या चुलीला २५ टक्के, पंख्याच्या चुलीला ३५ टक्के, आणि जोडीला धुराची कमाल मर्यादा. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने धुराडं नसलेल्या चुलीतून मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण निघू नयेत असं सांगितलं. लाकडाच्या चुलीला हे जवळजवळ अशक्यच. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चर्चा गॅसकडे वळली. गॅसच्या शेगडीची परीक्षाही पाणी तापवूनच होते, आणि तिला किमान ६८ टक्के गुण लागतात.

चूल मात्र गेली नाही. पाहुण्यांच्या चहाला गॅस, भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला परसातली चूल, अशी वाटणी घरोघर झाली. नुसतं पाणी तापवणं हेच जिथे खरोखर काम असतं त्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाकडे संशोधकांनी वळून पाहायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं. मधोमध आगीची नळी, भोवती पाणी. उष्णतेला पळायला फारशी वाट ठेवलेली नाही.

तिसऱ्या पायरीवरची, घरातलं सरपण तोलण्याची चाचणी आता पुन्हा मान मिळवते आहे. २०१९ साली क्षेत्रीय चाचण्यांसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. घरोघरची तुलना करता यावी म्हणून या चाचणीत जेवणाऱ्या माणसांची मोजणी करतात. तिचं जुनं कोष्टक अनेक वर्षं चालत आलं आहे: १५ ते ५९ वयाचा पुरुष म्हणजे १, साठीपुढचा म्हातारा ०.८, मूल ०.५. चूल फुंकणारी बाई ०.८.